राहुटी कुठे ठोकावी?

श्रावण लागला की सावनेरवरून जाणाऱ्या छिंदवाड्याच्या रस्त्याने नागद्वारीचे यात्रेकरू दिसू लागतात. खांद्यावर पिशवी, हातात काठी, एखाद्याच्या काखेत गुंडाळलेली ताडपत्री. ही माणसे पचमढीच्या डोंगरात भर पावसात दिवस दिवस चालतात, मिळेल त्या आडोशाला निजतात, आणि परत येऊन पऱ्हाटीच्या निंदणाला लागतात. त्यांना रानात मुक्काम कसा करावा हे कुणी शाळेत शिकविलेले नाही. बंजाऱ्यांच्या तांड्याला ते शिकवावे लागले नाही, मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरालाही नाही. तेव्हा राहुटीत राहणे म्हणजे साहेबलोकांचा शौक, असे जे आपल्याकडे पुष्कळांना वाटते ते काही खरे नव्हे. विद्या आपलीच आहे. फक्त पक्क्या घरात निजायची सवय लागल्यापासून ती आपल्या हातून सुटत चालली आहे.

श्रोतेहो, मी शाळामास्तर. मुलांना घेऊन डोंगरात मुक्कामाला जाण्याची माझी खोड जुनी. दर वेळी निघण्याच्या दिवशी बसजवळ आयाबाया जमतात. त्यांतल्या एकीने एकदा मला विचारले, “गुरुजी, पोरगं रातच्याले निजन कुठं?” काय पाहील, काय शिकेल, काय खाईल, हे तिने विचारले नाही. निजेल कुठे, एवढेच विचारले. त्या वेळी मी हसून म्हटले, “अहो बाई, राहुटीत निजेल की!” तिच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते हे मला दोन दिवसांनी कळले. ते कसे कळले, तेच आज सांगायचे आहे.

आम्ही गेलो होतो चिखलदऱ्याला. सावनेरहून काटोल, वरूड, मोर्शी असा संत्र्याच्या बागांमधून रस्ता जातो. पुढे परतवाडा आले की सपाटी संपते आणि घाट सुरू होतो. वर पोचलो की आपण समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर असतो. सावनेरची उंची तीनशे मीटरांच्या आसपास. म्हणजे आठशे मीटर चढून आलो. हवा वर वर जाते तशी थंड होते. सरासरीने दर हजार मीटरला साडेसहा अंश. त्या हिशेबाने सावनेरपेक्षा चिखलदरा पाचेक अंशांनी थंड. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतला रॉबिन्सन नावाचा कप्तान येथे आला आणि गोऱ्या अंमलदारांना उन्हाळ्याचे ठिकाण मिळाले, असे इतिहासात वाचायला मिळते. अर्थात कोरकू आणि गवळी तेथे त्याच्याही कितीतरी आधीपासून राहत होते. जवळच्या गाविलगडाचे नावच मुळी गवळ्यांवरून पडले. हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. मुलांना मात्र त्यापेक्षा भीम-कीचकाची गोष्ट अधिक आवडते. भीमाने कीचकाला मारून ह्याच दरीत टाकले आणि भीमकुंडात हात धुतले, असे सांगतात. मी दोन्ही सांगतो.

पठारावर शक्कर तलाव आहे, कालापाणी तलाव आहे. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, गाविलगड ह्या साऱ्या पायी हिंडण्यासारख्या जागा. सभोवती सागाचे, ऐनाचे, बांबूचे रान. मुलांच्या मुक्कामाला ह्याहून चांगले ठिकाण आपल्या विदर्भात मला तरी ठाऊक नाही.

तर त्या वर्षी पौषात सव्वीस मुले घेऊन मी तेथे पोचलो. परवानगी होती, राहुट्या होत्या, भांडीकुंडी होती. जागेची अक्कल नव्हती. एका तलावाच्या अगदी काठाला, सखल जागी, मऊ हिरवळ होती. समोर पाणी, त्यात कलत्या उन्हाचा रंग. मुले म्हणाली, इथंच! मीही म्हटले, इथेच. मेखा ठोकत असताना म्हशी घेऊन एक म्हातारा गवळी जवळून चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, इथं नोका उतरू. रातच्याले इथं गारठा बसते. थे वरतं बरड दिसते ना, तिथं चाला.”

मी म्हटले, “मामा, पोरं दमली आहेत. आजची रात्र काढतो, उद्या पाहू.”

तो काही बोलला नाही. म्हशी घेऊन निघून गेला.

रात्री एकच्या सुमारास मला जाग आली ती तोंडावर पाणी ठिबकले म्हणून. पाऊस नव्हता. आभाळ चांदण्यांनी भरलेले. पण राहुटीच्या कापडाला आतून पाणी सुटले होते, घोंगड्या ओलसर झाल्या होत्या, बाहेरच्या गवतावर तर पायही ठेववेना. विजेरी घेऊन मुलांवरून फिरलो. सगळ्यांत लहान मुलगा कुडकुडत होता. त्याला आणखी एक पांघरूण घातले. थोड्या वेळाने पाहतो तर कुडकुडणे थांबले होते. मला वाटले, ऊब आली. पण तो काहीतरी असंबद्ध बोलू लागला. “आई, बस आली का?” असे दोनदा म्हणाला, आणि त्याचे शब्द दारू प्यालेल्या माणसासारखे जड येत होते.

हे नीट ध्यानात ठेवावे. थंडीने माणूस कुडकुडतो ती शरीराची ऊब राखण्याची धडपड असते. अंगात पुरेशी ऊब आल्याशिवाय, पांघरूण ओले असतानाच, कुडकुडणे थांबले आणि बोलणे बरळू लागले, तर माणूस बरा होत नसून हातचा जातो आहे असे समजावे. सुदैवाने बरोबरच्या एका वडीलधाऱ्या शिक्षकांना हे ठाऊक होते. त्यांनी त्याचे ओले कपडे काढले, कोरडे घातले, डोक्याला मफलर गुंडाळला, त्याला उचलून त्या गवळ्याने दाखविलेल्या बरडावर नेले आणि दोन धट्ट्याकट्ट्या मुलांच्या मधे एका कोरड्या घोंगडीत निजविले. गिळण्याइतका तो शुद्धीवर आहे ना, हे पाहून गुळाचे कोमट पाणी घोट घोट पाजले. हातपाय चोळू दिले नाहीत, आणि शेकोटीच्या अगदी जवळही नेऊ दिले नाही. अशा वेळी ऊब आधी छातीला, पोटाला द्यायची असते. उजाडेपर्यंत पोरगा चांगला बोलू लागला आणि सकाळी त्याने सगळ्यांपेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला मात्र एक घासही गेला नाही.

त्या रात्री एक गोष्ट मी माझ्याच अंगावर अनुभवली. तलावापासून ते बरड तीस-चाळीस हात उंच असेल, नसेल. पण चढून वर येताच हवा निराळी लागली. खाली नाक झोंबत होते, वर नुसती थंडी होती. असे का?

सावनेरच्या लोकांना हे समजावून सांगणे फार सोपे आहे. पौषाच्या रात्री सायकलवरून कोलार नदीच्या बाजूला या. रस्ता सखल होतो तसा एकदम गारवा अंगावर येतो, आणि पलीकडे चढ लागला की कमी होतो. थंड हवा गरम हवेपेक्षा जड. रात्री जमीन उष्णता सोडते, तिला चिकटलेली हवा थंड होते, आणि वारा नसला की ती उतारावरून हळूहळू पाण्यासारखी खाली वाहते. पाणी जेथे साचते तेथेच तीही साचते. तलाव सखल जागेतच असणार, म्हणून तलावाचा काठ हे त्या थंड हवेचेही डबके. शिवाय तेथली हवा दमट. ती दमट हवा आणि सव्वीस मुलांचा श्वास रात्रभर थंड कापडाला लागला, आणि त्याचेच पाणी होऊन आमच्या तोंडावर ठिबकले. थंडी वाजते म्हणून आम्ही राहुटीची दोन्ही तोंडे घट्ट बांधली होती, त्याने अधिकच पाणी सुटले. राहुटीला वरच्या अंगाला थोडी वाट ठेवावीच लागते. बरे, ऊब वरून जाते त्याहून अधिक खालून जाते. पाठीखालची गार जमीन ती शोषून घेते. दोन पांघरुणे असतील तर एक अंगाखाली घालावे, आणि त्याखाली तणीस किंवा गोणपाट असावे.

‘गारठा बसते’ हे गवळ्याचे तीन शब्दसुद्धा नव्हते. त्यात हे सगळे शास्त्र होते.

तेव्हापासून मी मुक्कामाची जागा दिवसाच्या डोळ्यांनी पाहणे सोडले. उजेडी जागा निवडायची खरी, पण ती रात्रीसाठी. दुपारी तीनच्या आत ठिकाणावर पोचावे, कारण अंधार पडू लागला की दमलेला माणूस कोणतीही जागा चांगलीच म्हणतो. तेथे उभे राहून स्वतःला विचारावे : रात्री दोन वाजता येथे काय असेल?

पाण्यावर रात्री जनावरे येतात. त्यांची वाट आपल्या राहुटीवरून जाते की काय, हे चिखलात उमटलेल्या खुरांवरून, पंजांवरून दिवसाच कळते. गावच्या कोणत्याही गुराख्याला विचारले तर तो सांगेल. पाण्यापासून निदान साठ-सत्तर पावले दूर आणि थोडे उंचावर राहावे. नाल्याच्या कोरड्या पात्रात कितीही गुळगुळीत वाळू दिसली तरी उतरू नये. वर कुठे अवेळी पाऊस पडला तर येथे ढगही नसताना पाण्याचा लोंढा येतो. डोक्यावर पाहायचे ते दोन गोष्टींसाठी. एक वाळकी फांदी, आणि दुसरे आग्या मोहोळ. ह्या मोठ्या मधमाश्या उंच झाडांना, कड्यांना पोळी लावतात. खाली धूर झाला की त्या उठतात, आणि मग धावायला वाट पुरत नाही. पोळे दिसले तर त्या झाडाखाली चूल तर नकोच, पण मुक्कामही नको. मोहाचे झाडही फुलांच्या दिवसांत टाळावे. त्याची फुले आपल्याआधी अस्वलाला ठाऊक असतात.

डोंगरमाथ्यावर मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण. तेथे लाकडी मेख शिरत नाही. लोखंडी मेखा न्याव्यात, नाहीतर दोराला मोठा धोंडा बांधावा. जुन्या पुस्तकांत राहुटीभोवती चर खणायला सांगितलेले असते. मी पूर्वी खणत असे, आता खणत नाही. जागा किंचित उताराची निवडली तर चराची गरज नसते, आणि बोटभर माती असलेल्या पठारावर खणलेला चर पुढच्या पावसात ओहोळ होतो.

आता मण्यारीविषयी. वाघाची भीती सगळ्यांना वाटते, मण्यारीची वाटत नाही, आणि वाटायला हवी ती तिची. ही रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात ऊब शोधत येते. चावली तर बरेचदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळवत नाही, मग श्वास अडतो. कुणी झोपेतून उठून अशी तक्रार केली तर अपचन म्हणून ओवा देत बसू नये. जखम चिरणे, घट्ट आवळणे, मांत्रिकाकडे नेणे हे काहीही न करता, रोग्याला चालू न देता, दवाखाना गाठावा. सर्पविषावरची लस हाच एक उपाय. १०८ नंबरला फोन केला की रुग्णवाहिका मिळते. पण रानात फोन सगळीकडे लागत नाही. म्हणून तो कुठल्या टेकाडावर लागतो हे पोचल्याबरोबर पाहून ठेवावे, आणि लस जवळ कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे हे निघण्यापूर्वीच चौकशी करून लिहून घ्यावे. सगळ्यांत स्वस्त इलाज म्हणजे मच्छरदाणी. तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचल्या की डासही नाही आणि मण्यारही नाही. हा सल्ला फक्त डोंगरासाठी नाही. आपल्या शेतावर जागलीला निजणाऱ्यालाही तो तितकाच लागू.

रानात कोठेही राहुटी ठोकायला मोकळीक असते असे मात्र समजू नये. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ ठिकाणांत मेळघाट होते. अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात विस्तव पेटविणे १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे. म्हणून मुलांचा मुक्काम गावाच्या हद्दीत, मोकळ्या जागेवर, जागेच्या धन्याची लेखी परवानगी घेऊन करावा. वनखात्याच्या हद्दीत राहायचे असेल तर त्यांनीच ठरवून दिलेल्या जागी. कुणी म्हणेल, एवढी कागदपत्रे कशाला? त्या कागदामुळे आपण तेथे आहोत हे निदान कुणालातरी ठाऊक असते. मुले रात्री हरवतात तेव्हा हे फार उपयोगी पडते.

चुलीचे मी थोडक्यात सांगतो. कार्तिकापासून माघाच्या मध्यापर्यंतचे दिवस मुक्कामाला चांगले. पुढे सागाची पाने गळतात आणि सारे रान वाळलेल्या कागदांचा ढीग होते. एका ठिणगीत डोंगर पेटतो. तेव्हा चूलच नको, गॅसची लहान शेगडी न्यावी. पाणी उकळून प्यावे. येथे एक गंमत आहे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते, पण कमी तापलेले असतानाच उकळते. चिखलदऱ्याला ते शंभर नव्हे, शहाण्णव-सत्त्याण्णव अंशांवरच उकळू लागते. त्यामुळे तुरीची डाळ लवकर शिजत नाही. आमच्या पहिल्या मुक्कामात डाळ आणि पाणी वेगवेगळे वाढले गेले. प्रेशर कुकर नेला तर ही अडचण नाही. शास्त्राच्या शिक्षकांनी तेथे तापमापक न्यावा आणि मुलांना स्वतः मोजू द्यावे. वर्गातला धडा त्यांच्या मागाहून लक्षात राहतो.

मुलींना नेणार असाल, आणि न्यावेच, तर राहुटीच्या आधी शौचाच्या जागेचा विचार करावा. ती पाण्यापासून दूर, राहुट्यांपासून फार लांब नाही अशी असावी; तट्ट्यांचा नीट आडोसा, आत खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि खुरपे. तेथे रात्रभर कंदील जळता ठेवावा. अंधारात जायला नको म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी चढावर चक्कर येऊन पडतात. हे मला एका शिक्षिकाबाईंनी सांगितले तेव्हा कळले. इतकी वर्षे मुले नेत होतो, पण ह्या गोष्टीकडे माझे लक्ष गेले नव्हते. एकट्याने कुणीच जायचे नाही, जोडीने जायचे, हा नियम मुलामुलींना सारखाच.

तलावात उतरायचे नाही. ह्या बाबतीत मी कुणाचे ऐकत नाही. पोहता येते म्हणणाऱ्याचे तर मुळीच नाही. बांध घालून केलेल्या तलावाचा काठ एकाएकी तुटतो, तळाला गाळ असतो, आणि थंड पाण्यात दम एकदम कोंडतो. बादलीने आंघोळ करावी. सहलीला गेलेली मुले पाण्यात बुडाल्याच्या बातम्या आपण दरसाल वाचतो. त्यांतल्या बहुतेक दुपारच्या, उजेडातल्या, शिक्षक जवळ असतानाच्या असतात.

किती मुले न्यावीत? बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर बालवीरांचा पहिला मुक्काम केला, तेव्हा बरोबर मुले होती विसाच्या आसपास, आणि त्यांच्याही चार टोळ्या. लढाया लढलेला माणूस, त्याला वीस मुले पुरली. आपण दोन शिक्षकांवर ऐंशी मुले सोपवतो. पाच-सहांची टोळी करावी, टोळीला एक नायक, आणि दिवसातून चार वेळा हजेरी. उजाडताना, निघताना, पोचल्यावर आणि दिवे मालवण्यापूर्वी. गाविलगडाला चालत जाताना सर्वांत मंद चालणारा मुलगा पुढे, एक शिक्षक सर्वांत मागे. कितीही थोडे उरले असले तरी ठरलेल्या वेळी परत फिरायचे.

एकदम चिखलदरा गाठू नये. आम्ही आता आधी एक रात्र आदाशाच्या गणपतीच्या बाजूला घालवतो. घर जवळ, रस्ता जवळ. कुणाला अंधाराची भीती वाटते, कोण झोपेत चालतो, कोणत्या राहुटीचा दोर कुजला आहे, हे तेथेच कळते. एका मुलाला दम्याचा त्रास होता आणि घरच्यांनी सांगितले नव्हते, तेही तेथेच कळले.

गेल्या पौषात पुन्हा वर गेलो होतो. राहुट्या बरडावर होत्या. खाली तलाव काळा दिसत होता आणि त्यावर धुक्याची पातळ चादर पसरली होती. जेवणे झाल्यावर सगळे दिवे, मोबाइलसुद्धा, बंद करायला लावले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पहिली दहा मिनिटे मुले कुजबुजत होती, नंतर गप्प झाली. मृग डोक्यावर आला होता, त्याच्या पुढे रोहिणी, पलीकडे कृत्तिकांचा पुंजका. एकाने कृत्तिका मोजल्या, सहा भरल्या. दुसरा म्हणाला, सात. त्यावरून वाद लागला, तो शेवटी निजायची घंटा देऊन मिटवावा लागला.

सकाळी चुलीवर पाणी ओतले, राख ढवळली, पुन्हा ओतले. उलटा हात टेकवून पाहिला, थंड होती. मेखा मोजल्या, अठ्ठेचाळीस. मुले मोजली, चोवीस. मग बसमध्ये बसलो.